आंबलं की आंबवलं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा राहिला होता. आजोळी, अमळनेर तालुक्यातल्या गावी, मामीने ओसरीच्या कोपऱ्यात दोन बादल्या झाकून ठेवल्या होत्या. कुरडयांचे गहू. शेजारची काकू आत आली आणि झाकण न उचलताच म्हणाली, "आंबले वाटतं गहू." मामीचा चेहरा खुलला. तासाभराने तीच मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "आंबी गयं व माय!" रात्री वरण-बट्टीचा बेत झाला होता आणि उरलेलं वरण बाहेरच राहिलं होतं. ते गेलं म्हशीच्या आंबोणात.

नववीतला माझा भाचा दोन्ही वेळेला तिथेच बसलेला. म्हणाला, "आजी, गहू आंबले तर तू हसलीस आणि वरण आंबलं तर ओरडलीस. असं कसं?"

मामी म्हणाली, "गहू मी आंबवले. वरण आपलं आपण आंबलं."

शाळेत विज्ञान शिकवून मला बरीच वर्षं झाली, पण किण्वनाची इतकी आटोपशीर व्याख्या मी फळ्यावर कधी लिहिली नाही. पुस्तकातला शब्द 'किण्वन'. तो जुना आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दारूच्या प्रकरणात 'किण्व' येतं. पण घरात कुणी "पीठ किण्वित झालं" म्हणत नाही. घरात आंबतं. या एका क्रियापदात दारू, दही, इडली, कुरडई, गुरांचा चारा आणि थकलेलं अंग एवढं सगळं कसं बसलं, ते जरा उलगडून बघू.

आधी बादलीत काय चाललंय ते. गव्हाच्या दाण्यावर, पाण्यात, हवेत, मामीच्या हातावर सूक्ष्मजीव असतातच. ओलावा मिळाला, ऊब मिळाली की ते दाण्यातली साखर खायला लागतात. आपण साखर खातो तेव्हा श्वासातल्या ऑक्सिजनच्या मदतीने ती पूर्ण जाळतो, शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. पाण्याखाली, दाटीत, ऑक्सिजन कमी असतो. तिथले जीव साखर अर्धवटच मोडतात, त्यातून मिळेल तेवढी थोडी ऊर्जा घेतात आणि उरलेला माल बाहेर टाकतात. हा बाहेर टाकलेला माल म्हणजेच आपल्याला लागणारी आंबट चव, चढणारी नशा किंवा फुगवणारा वायू. त्यांचा उकिरडा तो आपला मसाला.

उकिरडे मुख्यतः दोन तऱ्हेचे. लॅक्टिक आम्ल करणारे बरेच जीवाणू ग्लुकोजचा एक रेणू मोडून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतात, काही मात्र सोबत वायूही सोडतात. दही, इडलीचं पीठ, मामीचे गहू, आंबील हे सगळं मुख्यतः त्यांचं काम. दुसरं यीस्ट. त्याला खमीर म्हणा, किण्व म्हणा. ते त्याच ग्लुकोजपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू काढतं. वजनात सांगायचं तर १८० ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळतं आणि ८८ ग्रॅम वायू होऊन उडून जातं. जवळपास निम्मा माल हवेत! पावात आपल्याला वायू हवा असतो आणि भट्टीत अल्कोहोल निघून जातं. बिअरमध्ये दोन्ही ठेवतात.

हे सगळं माणूस हजारो वर्षं करत आला, पण करतंय कोण याचा पत्ता नव्हता. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरसाठी कायदा झाला: जव, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी, बाकी काही घालायचं नाही. यीस्टचं नावच नाही. ते जिवंत असतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरने १८५७ मध्ये लॅक्टिक किण्वनावरचा निबंध मांडला आणि आंबणं हे जिवंत जिवांचं काम आहे असं ठासून सांगितलं. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून नुसता रस काढला, साखरेत घातला, तरी ती आंबली. म्हणजे जीव मेला तरी त्याची विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करत राहतात. त्याला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता एक अडचण. यीस्टला साखर खाता येते, पण धान्यात भरलेलं असतं पिठूळ. पिठूळ म्हणजे स्टार्च, साखरेच्या कणांची लांबलचक माळ, आणि बिअरच्या यीस्टला ही माळ तोडता येत नाही. मग ती तोडायची कुणी? दाण्यानेच. धान्याला मोड आला की दाण्यात विकरं जागी होतात आणि कोंबाला पोसायला पिठूळाची साखर करतात. बिअर करणारे जवाला मोड आणतात, कोंब जरा बाहेर आला की दाणे वाळवून भाजतात आणि कोंबाची वाढ तिथेच थांबवतात. त्याला म्हणतात माल्ट. तान्ह्या मुलासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणारी आई थेट तेच काम करते. तिची लापशी पातळ होते आणि साखर न घालताच गोड लागते, ती याच विकरांमुळे.

सातपुड्यातल्या लोकांना मात्र मोडाची भानगड करावी लागत नाही. मोहाच्या फुलात साखर तयारच असते. यावल, चोपडा, शिरपूरपासून वर धडगावपर्यंत उन्हाळ्याच्या तोंडाला मोह गळतो. पहाटे झाडाखाली पिवळट, मांसल फुलांचा सडा पडलेला असतो, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात आणि वाळवून ठेवतात. ही फुलं नुसती खातात, भाजून खातात आणि पाण्यात भिजत घालून आंबवतातही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. आंबवलेल्या रसात अल्कोहोल वाढत जातं तसं ते यीस्टलाच जड जातं. साधारण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास बहुतेक यीस्ट हात टेकतं. आपल्याच उकिरड्यात बुडून मरतं म्हणा ना. त्याहून कडक हवं असेल तर रस तापवावा लागतो. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं, ती वाफ थंड करून थेंब धरायचे. मराठीत याला 'दारू गाळणं' म्हणतात. गाळणीशी त्याचा काही संबंध नाही, पण शब्द पक्का बसलाय. पोलिसांनी हातभट्टीवर छापा टाकला की बातमीत "कच्चे रसायन जागीच नष्ट केले" असं येतं, ते रसायन म्हणजे आंबवलेला पण न गाळलेला रस. बिअर आणि वाइन नुसती आंबवलेली असते, मोहाची दारू आंबवून गाळलेली. परवान्याशिवाय असं गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. विषारी दारूच्या दुर्घटनांत बहुतेकदा मारणारं असतं ते बाहेरून मिसळलेलं मिथेनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांची नस जाते.

नीरा-ताडीचं उदाहरण मला वर्गात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पहाटे उतरवलेला ताडाचा रस गोड, त्याचं नाव नीरा. तोच रस ऊन चढेपर्यंत तसाच ठेवला की ताडी. कुणी त्यात काही घातलेलं नसतं. एकाच मडक्यातल्या रसाची दोन नावं, आणि नाव बदलतं ते घड्याळ बघून.

घड्याळाची गती ठरवतं तापमान. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा दही तीन-चार तासांत लागतं आणि पाचव्या तासाला आंबट ढाण होतं. पौषात तेच विरजण रात्रभर गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं. मी एकदा मे महिन्यात इडलीचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवलं आणि लग्नाला गेलो. परत आलो तेव्हा झाकण फ्रिजखाली होतं आणि पीठ ओट्यावरून खाली ओघळून फरशीवर वाळून पापड झालेलं. पाश्चर शिकवणाऱ्या माणसाला वायूला वाट ठेवायचं सुचलं नाही, यावर घरात अजून हसतात.

आता शब्दांकडे वळतो, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. "खराब झालं" असं एकच पोतेरं सगळ्यावर फिरवायची सवय शहरात लागली आहे. जुन्या बाईच्या तोंडी मात्र प्रत्येक बिघाडाला वेगळा शब्द आहे, आणि बहुतेक शब्दांमागे वेगळं रसायनशास्त्र आहे. वरण आंबतं, कारण त्यातल्या साखर-पिठूळाचं आम्ल होतं. तेल, शेंगदाणे, जुने तीळ आंबत नाहीत, ते खवट होतात. तिथे जिवाणूंचा हात नसला तरी चालतं, तेलावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम झालेला असतो. म्हणून मिठाने किंवा उकळण्याने खवटपणा जात नाही. मांस, मासळी, अंडं कुजतं: प्रथिनं तुटून अमोनिया आणि गंधकाचे वास सुटतात, नाक आपोआप मागे येतं. दूध नासतं किंवा फाटतं, आणि त्याच दुधाला आपण विरजतो. दोन्हीकडे आम्लामुळे दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं. विरजताना ते संथपणे, सगळीकडे सारखं होतं म्हणून घट्ट कवडी लागते. नासताना तापवल्याबरोबर एकदम होतं, म्हणून चोथा वेगळा आणि पाणी वेगळं.

आणि केळी? रावेर-यावलकडचा माणूस केळीच्या घडाला 'पिकला' म्हणतो तेव्हा बाहेरचा कुणी जीव त्यात नसतो. फळाची स्वतःची विकरं पिठूळाची साखर करत असतात. तो घड पिशवीत विसरा. आठ दिवसांनी सालाला चीर पडते, यीस्ट आत जातं आणि पिशवी उघडताच दारूसारखा गोडूस वास येतो. आता आंबणं सुरू झालं. भोवती चिलटं जमतात, त्यांना हाच वास लांबून ओढून आणतो. आणखी ठेवलं तर दुसरे जीवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचं असेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. मग बुरशी, मग कुजणं. पिकणं, आंबणं, कुजणं, तिन्ही एकाच केळ्यात बघायला मिळतं. मुलांना करायला सांगा, फक्त पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नका.

मग 'मुरणं' कुठे बसतं? आपल्या कैरीच्या लोणच्यात मीठ इतकं असतं की बहुतेक जीवाणूंना त्यात जगताच येत नाही. आंबटपणा कैरीचा स्वतःचाच. तिथे खरं काम असतं मीठ-मसाला फोडीच्या आत शिरण्याचं आणि फोडीतलं पाणी बाहेर येण्याचं. 'मुरणं' हा शब्द म्हणूनच चपखल आहे, पाणी जमिनीत मुरतं तसंच. पण एके ठिकाणी भाषा सरळ फसवते. मक्याचा हिरवा चारा कुट्टी करून, दाबून, हवाबंद पिशवीत दीड-दोन महिने ठेवतात तो मुरघास. विज्ञानाच्या दृष्टीने तो शंभर टक्के आंबवलेला चारा आहे, लॅक्टिक आम्लानेच तो टिकतो. पण शेतकरी त्याला 'आंबघास' म्हणणार नाही. माझा तर्क असा, की जे धीराने ठेवून चांगलं निघतं त्याला मराठी माणूस 'मुरलं' म्हणतो आणि जे लक्ष नसताना हातचं जातं त्याला 'आंबलं'. राजकारणात माणूस मुरतो, संशय आला की पाणी कुठेतरी मुरतं, बंद दाराआड काहीतरी शिजतं. कट आंबलेला मात्र मी कधी ऐकला नाही.

उलट, रोज हौसेने लावायचं विरजण, तेही म्हणीत गेलं की वाईटच. आनंदावर विरजण पडतं. ज्याच्याशिवाय ताकाचा थेंब मिळत नाही त्याला असं बदनाम का केलं असेल? बहुधा ज्याला दूध हवं होतं त्याच्या बाजूने ती म्हण बनली असावी.

'आंबट' आणि 'आंबणं' दोन्ही संस्कृतातल्या 'अम्ल'वरून आले. आंबील, आंबूस हीही त्याच कुळातली. 'आंबा' मात्र 'आम्र'चा. प्राकृतात दोन्ही घासून इतके सारखे झाले की आज भाऊ-भाऊ वाटतात. युरोपात याच क्रियेचा शब्द लॅटिनमधल्या उकळण्याच्या क्रियापदावरून आला, त्यांनी बुडबुडे पाहिले. आपण चव घेतली. अहिराणी यात आणखी एक मजा करते. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो, जळगावचं जयगाव, केळीची केयी. त्यामुळे गाळायची दारू बोलण्यात 'गायी' जाते आणि नव्या माणसाला वाटतं गायन चाललंय.

शेतात हाच शब्द वेगळ्याच कामाला लागतो. कांद्याची किंवा भाजीची रोपं लावली की तीन-चार दिवसांनी हलकं पाणी देतात, ते आंबवणीचं पाणी. मुळं जमिनीला धरावीत म्हणून. त्यात आंबट काही नाही. पावसात न वाळलेले कपडे 'आंबट ओले', तिथेही चव कुणी घेत नाही.

आणि अंग आंबतं. दिवसभर वाकून कापूस वेचला की दुसऱ्या दिवशी बायका म्हणतात, "अंग आंबी गयं." ऐकायला अलंकार वाटतो, पण निम्मा खरा आहे. जोरात पळताना स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, तेव्हा तेही ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल तयार करतात, अगदी बादलीतल्या जीवाणूंसारखंच. निम्मा खोटा अशासाठी, की ते आम्ल विश्रांती घेतल्यावर तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं असतं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं. कितीतरी वर्षं व्यायामाचे मास्तरसुद्धा लॅक्टिक आम्लालाच दोष देत होते. कापूस वेचणाऱ्या बाईला तर मुळीच हसू नये.

चहाचा उल्लेख केल्याशिवाय खान्देशात बैठक उठत नाही, म्हणून एवढंच: चहाच्या कारखान्यात पानं काळी करण्याच्या पायरीला 'फर्मेंटेशन' म्हणतात, पण त्यात जीवाणू काही करत नाहीत. कापलेलं सफरचंद हवेने तांबूस होतं तसाच तो प्रकार. घरी तर चहा उकळतो, आंबत नाही. आणि औषधाच्या कपाटात बघा. द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा बाटल्यांवर स्वयंजनित अल्कोहोल असल्याचं छापलेलं असतं. न उकळता आंबवलं ते आसव, काढा करून आंबवलं ते अरिष्ट. आंबण्यासाठी त्यांत धायटीची फुलं घालतात. आजीचं टॉनिक पिऊन गुंगी येते ती उगीच नाही.

भाच्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे: गहू चालतात, मग वरण का नाही? दोन्हीकडे आम्लच होतं. फरक राखणीचा. मामी रोज सकाळी गव्हाचं पाणी ओतून ताजं घालते. जुन्या पाण्याबरोबर जास्तीचं आम्ल आणि साचलेला वास जातो, लॅक्टिक जीवाणू बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. आम्लाने गव्हातल्या चिकट प्रथिनाची पकड ढिली पडते आणि पिठूळ, म्हणजे चीक, सहज सुटतो. शिवाय पुढे तो चीक रटरटा शिजतो. रात्रभर बाहेर पडलेल्या वरणात कोण शिरलं, त्याने काय मागे सोडलं, हे कुणी पाहिलेलं नसतं. त्यातली काही विषं पुन्हा उकळलं तरी तशीच राहतात. म्हणून आंबट वास आला तर "उकळी देऊन खाऊ" ही काटकसर नको. मीठ घातलेल्या, दाबून ठेवलेल्या, पाणी बदललेल्या वस्तूतला आंबट वास वेगळा. आणि रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर खरवडू नका, सगळंच फेका, तिचे धागे खोलवर गेलेले असतात. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, आंबवलेल्या ज्वारीलाही हेच लागू.

तिसऱ्या सकाळी मामीने बादलीचं झाकण काढलं. पाण्यावर बारीक फेस, बाजूने एखाददुसरा बुडबुडा. तिने एक दाणा उचलून भाच्याच्या हातावर ठेवला. "दाब नखाने." त्याने दाबला. साल बाजूला सरकली आणि पांढऱ्या दुधासारखा ठिपका त्याच्या नखावर आला.

"आंबले?" त्याने विचारलं.

मामीने आणखी दोन दाणे दाबून बघितले. एकाचं पोट अजून घट्ट होतं. तिने पाणी ओतलं, नवं घातलं, झाकण ठेवलं. "संध्याकाळी," ती म्हणाली, आणि लाइट जायच्या आत मिक्सरचं भांडं कुठल्या पोरीने उचललं ते शोधायला गेली.